बशीतल्या पेशी

माझ्या मावशीच्या पायाला भिंगरी आहे. जेवतानासुद्धा ती तीनदा उठते आणि खिडकी उघडून लगेच लावते. तिच्याजवळ बसलं की मलाच दम लागतो.

बावीस वर्षं ती दुधाच्या प्रयोगशाळेत आहे. कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, दुधातून वेगळी काढलेली प्रथिनं त्यांच्यावर सोडायची आणि काय होतं ते बघायचं. पेशी ठेवायच्या त्या चपट्या काचेच्या भांड्याला इंग्रजी नाव आहे, पण तिथे सगळे त्याला 'बशी' म्हणतात. त्या एका शब्दाने आमच्या जिवाला घोर लावला.

आईच्या छातीत गाठ निघाली होती. केमोचे दोन डोस झाले होते. त्या शनिवारी मावशी चपलांसकट स्वयंपाकघरात घुसली.

"ताई, बशीतल्या निम्म्या पेशी मेल्या! दुधातल्या प्रथिनाने!"

आई नुसती हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती तीन वेळा दूध पिऊ लागली, तेही बशीत ओतून. मी तिला मांजर म्हणून चिडवलं. माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

बुधवारी हॉस्पिटलातून फोन आला. आई मंगळवारच्या डोसला गेलीच नव्हती. मला मात्र म्हणाली होती, शेजारच्या काकू सोबत येणार आहेत.

"त्या औषधाने पाच दिवस उलट्या होतात," आई म्हणाली. "दूध पोटात राहतं. आणि तुझी मावशीच म्हणाली ना, बशीतल्या मेल्या म्हणून?"

मी मावशीला फोनवर वाट्टेल ते बोलले. ती अर्ध्या तासात आली. खोलीत चार येरझाऱ्या घातल्या, मग मोरीतून फिनेलची बाटली आणली आणि आईच्या बशीत थोडं ओतलं.

"यानेही मरतात. निम्म्या नाही, सगळ्या. पितेस?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आमच्या बशीला पोट नसतं, ताई. रक्त नसतं. तिथे मेलं म्हणजे माणसात मरेलच असं नाही. ते प्रथिनही आम्ही वेगळं काढून, भरपूर घालतो. तू दूध पी, पण केमो सोडून नाही."

"मग त्या दिवशी एवढी नाचलीस कशाला?"

मावशीने फिनेलच्या बाटलीचं झाकण लावलं.

"बावीस वर्षं हेच करतेय गं. आणि तुझी वेळ आली, तर तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही. म्हणून नाचले."

आईने बशी माझ्याकडे सरकवली. मग मला म्हणाली, "ती बशी टाकून दे. आणि फोन लाव, उद्या बोलावतात का विचार."

त्यांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी सलाईन चार तास चाललं. मावशी आईचा हात धरून शेजारच्या खुर्चीत बसली होती. एकदाही उठली नाही.