आतोबांचा गोल

देवानं पृथ्वीला गोल आकार दिला तो फुटबॉलची सोय बघून, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात एकच आहे, आणि ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान आहेत. आमचा भाग कबड्डीचा आणि खो-खोचा. इथं मोठ्या माणसांनी चेंडूला लाथ मारणं फारसं शहाणपणाचं समजत नाहीत. पण आतोबा कॉलेजात होते तेव्हा बदलून आलेल्या एका क्रीडाशिक्षकांनी फुटबॉल आणला. सर दोन वर्षांनी बदलून गेले, फुटबॉल राहिला, आणि त्याला धरून आतोबाही राहिले. आता ते स्टँडच्या मागं जळलेल्या पाणबुडी मोटारी भरून देतात. पण गिऱ्हाइकानं मोटार खाली ठेवली की आधी त्याला कॉलेजच्या टीमची तब्येत ऐकून घ्यावी लागते. "डाव्या अंगाची वाइंडिंग कच्ची हाय, लोड आला की शॉर्ट होतंय," हे ते मोटारीबद्दल बोलले की डावीकडं खेळणाऱ्या खेळाडूबद्दल, हे गिऱ्हाइकाला घरी जाऊन मोटार विहिरीत सोडल्यावर कळतं.

दर जानेवारीत आमच्या कॉलेजची मॅच जळकोटच्या कॉलेजशी होते. जळकोट हमरस्त्यावर आहे, म्हणून आतोबांच्या लेखी ते 'हायवेवाले'. गावाचं नावसुद्धा ते तोंडातून काढत नाहीत. जीपवाल्याला "नळदुर्गच्या अलीकडं जे काय हाय तिथं" असं सांगतात. मॅचच्या दिवशी दुकानाला कुलूप आणि त्यावर खडूनं लिहिलेली पाटी: 'मालक ग्राउंडवर आहेत. मोटार ठेवून जावे.' अंगात तपकिरी स्वेटर, जो त्यांनी कॉलेजात असताना घातला होता आणि जो धुतला तर त्यातला गुण जाईल म्हणून आत्याला हात लावू देत नाहीत. आणि सकाळी वाटीभर हुलग्याचं माडगं, कारण तीस वर्षांपूर्वी त्या दिवशी त्यांनी तेच खाल्लं होतं. 'तो दिवस' म्हणजे कोणता, हे लोहाऱ्यात कुणी विचारत नाही. विचारलं तर अर्धा तास मोडतो.

आता मीच सांगते, थोडक्यात. आतोबा तेव्हा सडपातळ होते. सुगीत कडब्याच्या पेंड्या बनिमीच्या उंच गंजीवर फेकून फेकून त्यांच्या खांद्यात एक विलक्षण जोर आला होता. हायवेवाल्यांशी बरोबरी चालली होती आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेबाहेर गेला. तो आत फेकायला आतोबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरून पेंडीसारखा फेकला, आणि चेंडू अर्धं मैदान ओलांडून सरळ गोलमध्ये गेला. तेव्हाच्या पंचांनीही तो धरला. "कुनाच्या नखाला लागला न्हाय," असं सांगताना ते अजूनही स्वतःचं नख दाखवतात. पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन तहसीलपर्यंत नेलं. जळकोटचा गोलकीपर नुसता बघत राहिला होता म्हणून त्याच्या गावानं त्याचं नाव 'बघ्या' ठेवलं, आणि ते नाव पुढं त्याच्या किराणा दुकानालाही चिकटलं. आतोबांच्या दुकानात त्या टीमचा फोटो आहे. मोटारींचा सगळा धूर त्याच्यावर बसलेला आहे, फक्त आतोबांचा चेहरा स्वच्छ आहे, कारण तेवढाच रोज पुसला जातो.

या गोष्टीत माझा प्रवेश इंग्रजीमुळं झाला. मी सोलापूरला इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळं घराण्यातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडं येतो: विम्याचा, औषधाच्या खोक्यातला, मिक्सरच्या गॅरंटीचा. दोन वर्षांपूर्वी आतोबांनी कुठूनतरी फुटबॉलच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि माझ्या हवाली केलं. वाचून दाखवू का, म्हटलं तर म्हणाले, गरज नाही, नुसतं मॅचला पर्समध्ये घेऊन ये. समोरच्यांना कळलं पाहिजे की आपल्याकडं पुस्तक आहे. मला गर्दीत उभं राहायलाही नको वाटतं, पण आतोबांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. लहानपणी सोलापूरहून आले की मराठी बोलताना मी अडायचे आणि चुलत भावंडं हसायची. एकटे आतोबा माझं वाक्य संपेपर्यंत थांबायचे.

या जानेवारीत आम्ही एका गोलनं मागं होतो. मिनिट-दोन मिनिटं उरली असतील आणि चेंडू रेषेबाहेर गेला. आमच्या पोरानं तो उचलला, आणि आतोबांनी स्वतः शिकवलेल्या पद्धतीनं असा फेकला की तो सरळ गोलमध्ये. जळकोटचा आताचा गोलकीपर हाताची घडी घालून बाजूला झाला होता. मैदानात गुलाल उधळला गेला. पण पंच होते अणदूरचे एक सर, त्यांनी गोल दिला नाही. गोंधळ सुरू झाला. तेवढ्यात आतोबा स्वेटर सारखा करत मैदानात उतरले, दोन्ही टीमना हातानं गप्प केलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं पुस्तक हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ये माय. वाच."

मी पान शोधलं. चार ओळी होत्या. मी त्या मनात दोनदा वाचल्या. तिथं मी काहीही सांगितलं असतं तरी आमच्या बाजूच्या कुणी पुस्तक मागितलं नसतं. पण आतोबा माझं वाक्य संपायची वाट बघत उभे होते, लहानपणी थांबायचे तसे.

"हातानं फेकलेला चेंडू कुणालाच न लागता आत गेला तर गोल धरत नाहीत, आतोबा."

त्यांनी माझ्या बोटाखालची ओळ वाकून बघितली. मग हळूच म्हणाले, "हे कवापासनं हाय?"

"पहिल्यापासून असणार."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, परत दिलं आणि पंचांना म्हणाले, "चालू करा." आम्ही हरलो. कॉलेज एक मॅच हरलं होतं; आतोबा तीस वर्षं मागं जाऊन हरले होते. हे मला मैदानातच कळलं. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "म्हंजे मालक, तुमचाबी गोल कटला की?" आतोबांनी चहा अर्धा ठेवला.

पुढचे तीन आठवडे आमच्या घराण्यात कुणी गेल्यासारखे गेले. आत्यानं घाबरत घाबरत स्वेटर धुतला, दोरीवर वाळत घातला, आणि ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा आत्याला प्रकरण किती वाढलंय ते समजलं. दुकानातल्या फोटोवर एका वायर कंपनीचं कॅलेंडर आलं. गिऱ्हाइकांना टीमबद्दल काही ऐकावं लागेना, त्यामुळं ती अस्वस्थ झाली. आतोबांनी एका मोटारीची जोडणी अशी केली की ती उलटी फिरायला लागली. शेतकरी ती परत घेऊन आला तेव्हा आतोबा म्हणाले, "बरोबर हाय. आमचं सगळंच उलटं फिराया लागलंय." पण सगळ्यात वाईट म्हणजे ते मला 'तुम्ही' म्हणायला लागले. "बसा. चहा घ्या. आत्या आत हायेत तुमच्या." मला कुणी रागावलं तर सहन होतं. हे सहन होत नव्हतं.

एका रविवारी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. "पुस्तक घ्या. जळकोटला जायचंय." गावाचं नाव त्यांनी सरळ घेतलं. जीपमध्ये कळलं की ते बघ्याकडं चाललेत. तो माणूस तीस वर्षं विनाकारण हसं करून घेतोय; त्याच्या गावात, त्याच्या दुकानात त्याला वाचून दाखवायचं की बघत राहिला तेच बरोबर होतं. "त्येचं नाव तरी सुटू दे," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुकानात एक वाळलेले, उंच गृहस्थ गूळ फोडत होते. आतोबांना बघून त्यांनी हात पुसले. आतोबांनी खुर्चीसुद्धा घेतली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: मॅच, पुस्तक, नियम. शेवटी म्हणाले, "माझा गोल नव्हता त्यो. तू बगत राहिलास त्येच खरं व्हतं. ही वाचून दावती तुला."

मी पर्स उघडली. दुकानदारांनी माझ्याकडं पाहिलं, मग आतोबांकडं. बराच वेळ ते गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलत राहिले.

"लागला व्हता की," ते म्हणाले.

"काय?"

"चेंडू. ह्या बोटाला." त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "जरासाच."

आतोबांनी ते बोट धरून उजेडाकडं वळवलं, तार कुठं तुटलीय ते बघतात तसं. "मग तवा का बोलला न्हाईस?"

"हात लागून बी सोडला म्हनलं असतं तर लोक आनिक हसले असते. बिड्री आता." कानडीत 'सोडा हो' म्हणून त्यांनी विषय संपवला आणि चहा सांगितला.

आतोबा माझ्याकडं वळले. "लागला असंल तर काय हाय गं पुस्तकात?"

तीन आठवड्यांनी आलेला तो 'गं' ऐकून मला पान शोधायचंही सुचलं नाही, आणि गरजही नव्हती. "लागला असेल तर गोल," मी म्हटलं. ते खरंच तसं आहे.

निघताना ते गृहस्थ रस्त्यापर्यंत आले. आतोबा जीपमध्ये चढत असताना त्यांनी निरोपादाखल पुन्हा चेंडू लागलेलं बोट वर केलं आणि हसले. या वेळी ते डाव्या हाताचं होतं. मी पर्सची चेन लावली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये चौदा माणसं होती आणि चौदांनाही तो गोल ऐकावा लागला, पेंडीपासून तहसीलपर्यंत. फक्त नखाच्या जागी आता बोट आलं होतं. कुणीतरी शंका काढली तेव्हा आतोबा ऐटीत म्हणाले, "इचारा हिला. हिच्याकडं पुस्तक हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली, आणि हमरस्ता मागं पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.