हायब्रेटचं बियाणं

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या सोनाळ्याकडे हायब्रीड ज्वारी नुकतीच आली होती. सगळं गाव तिला हायब्रेट म्हणे. मी शेतकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होतो, त्यामुळे घरातसुद्धा ठासून हायब्रीड म्हणायचो. शिष्टच होतो.

बियाण्याच्या बाबतीत गावात वडिलांचा शब्द चाले. कापणीआधी ते उभ्या पिकातून फिरत, ज्वारीच्या मनाजोगत्या ताटांना, आमच्याकडच्या भाषेत धांड्यांना, चिंधी बांधत आणि तेवढी कणसं वेगळी कापून चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुरामुळे कीड लागत नसे. मृग जवळ आला की आठ-दहा घरच्या बाया सूप घेऊन आमच्या ओसरीत येत. वडील कणसं मळून एकेकीचं सूप भरून देत. त्या दिवशी त्यांना जेवायला हमखास उशीर व्हायचा, आणि त्याचं त्यांना सुख वाटायचं.

त्या दिवाळीला घरी आलो तर आढ्याला हायब्रेटची कणसं. सरकारी बियाण्याचं पहिलंच पीक जोरात आलं होतं, म्हणून वडिलांनी रिवाजाप्रमाणे त्यातली उत्तम कणसं पुढच्या पेरणीला राखली होती.

नेमकं त्याच महिन्यात मी वर्गात मार्कोव साखळीचं, म्हणजे एका स्थितीतून पुढच्या स्थितीत जाण्याच्या शक्यतांचं, गणित सोडवलं होतं. संकरित झाड स्वतःच्याच परागावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं तर काय होतं? तीन ओळी, तीन रकाने, एवढंच कोष्टक. दर पेरणीला दोन वाणांचा मिश्रपणा निम्म्यावर येतो, आणि त्या मिश्रपणातच हायब्रीडचा जोर असतो. या साखळीला मागचं काही आठवत नाही. आज झाड कोणत्या स्थितीत आहे तेवढं ती पाहते. त्याच्या आजोबाला किती भरघोस कणीस होतं ते विचारत नाही. सरांनी माझी वही वर्गात फिरवली होती, म्हणून मी ती घरीही आणली होती.

वडिलांना समोर बसवून मी अर्धा तास अक्कल पाजळली. जनुकं, जोड्या, संभाव्यता, एकही शब्द सोडला नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मंग पेरू का नोको?"

साधा प्रश्न होता. पण सरांनी शिकवलं होतं की शास्त्रात छातीठोकपणे बोलू नये. मी म्हणालो, "नक्की असं सांगता येत नाही, बाबा. फक्त शक्यता सांगता येते."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पोरगा एवढा शिकला आणि त्याला यात नक्की वाईट असं काही दिसत नाही, असं ते दुसऱ्या दिवशी पारावर सांगत होते. मी ते ऐकलं आणि तसाच पुढे गेलो. मृगाला त्यांनी नेहमीच्या घरांना तेच बियाणं दिलं.

दसऱ्याला मी शेतात गेलो. एक धांडा कमरेला, शेजारचा डोक्याच्या वर. काही कणसं पक्षी खाऊन गेले होते, काही अजून हिरवीच. ज्या घरांनी आमचं बियाणं पेरलं होतं, त्यांच्या शेतांतही हीच गत. कुणी भांडायला आलं नाही. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढच्या मृगाला मी सुट्टीत घरीच होतो. वडिलांनी धुऱ्याकडेच्या, बांधालगतच्या तुकड्यात पेरलेल्या देशी ज्वारीची कणसं सकाळीच मळून, पाखडून ओसरीत ढीग घातला आणि शेजारी बसून राहिले. दुपार झाली तरी एकही सूप आलं नाही.

मी कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग 'नोको पेरू' एवढंच म्हना लागत होतं न."

मला माझी लाज वाटली, अजून वाटते. वडिलांनी घरच्या पेरणीपुरतं बियाणं बाजूला काढलं आणि बाकीचा ढीग आईला दळायला घ्यायला सांगितला. मग हातपाय धुऊन ते पाटावर येऊन बसले. त्या वर्षी मृगाच्या तोंडावर ते वेळेवर जेवले.