मुज्तबाचा माईक बिघडला तो दिवस

मुज्तबाला नांदेडात कुणी निवांत बसलेलं पाहिलेलं नाही. चहा तो उभ्यानं पितो, फोनवर बोलताना रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझारा घालतो, आणि स्वतःच्या निकाहातसुद्धा मध्येच उठून स्पीकरची वायर नीट करून आला होता, असं त्याची बायको कशिश अजून सगळ्यांना सांगते. चांदपाशा साउंड हे घरचं नाव. लग्न असो, उरूस असो की सप्ताह, चांदपाशांचा माईक कधी दगा देत नाही, असा वडिलांच्या काळापासूनचा लौकिक. वडील थकल्यावर धंदा मुज्तबाकडं आला. पण नुसता माईक लावून गप्प बसणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो स्वतःच माईक हातात घेऊन लोकांना खेळवायला लागला. हळदीकुंकवापासून सुरुवात झाली, आता कंपन्या आणि संस्था बोलावतात. शे-दोनशे अनोळखी माणसं एका हॉलमध्ये आणायची आणि जेवणाच्या आत त्यांना एकमेकांत मिसळवायचं, हे त्याचं काम.

ते तो एका फजितीतून शिकला. मुदखेडला पहिल्यांदाच त्यानं माईकवर सांगितलं, "चला, एकमेकांची ओळख करून घ्या." आपल्याकडं ओळख कशी करून घेतात? आडनाव काय, गाव कोणतं, तिथले अमुकअमुक तुमचे कोण? बघता बघता सगळा हॉल सोयऱ्याधायऱ्यांच्या टोळक्यांत वाटला गेला, एका पोरीचं लग्न जवळजवळ ठरलं, आणि ज्यांची ओळख व्हायला हवी होती ती माणसं आधीपेक्षा लांब जाऊन बसली. तेव्हापासून नियम पक्का: आडनाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. कुणाच्या चिठ्ठीवर पिठलं, कुणाच्या भाकरी. ज्यानं त्यानं आपली जोडी शोधायची.

त्या दिवशीचा कार्यक्रम विष्णुपुरीच्या एका हॉलमध्ये होता. नांदेडची एक पतसंस्था आणि लातूरची एक पतसंस्था एक होणार होत्या. आता नांदेड आणि लातूर यांनी एकमेकांचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. नांदेडवाले डावीकडं बसले, लातूरवाले उजवीकडं, आणि मधली वाट बैलगाडी जाईल एवढी मोकळी. दोन्ही संस्थांचे नवे साहेब अमृतराव यांनी मुज्तबाला बाजूला घेतलं.

"मुज्तबाभाई, दोन्हीकडची मिळून माणसं जास्त झालीत आमच्याकडं. खेळ घ्या, पण नजर ठेवा. कोण मिसळून राहिलं अन् कोण कोपरा धरून उभं राहिलं, तेवढं मला नंतर सांगा. लातूरचा मोठा कार्यक्रम बी तुमालाच द्यायचा हाय."

मुज्तबा "जी साहेब" म्हणाला आणि माईककडं वळला. लोकांना खेळवायला आलेल्या माणसाची साहेबांनी चाळणी करून टाकली होती. कुणाची नोकरी जाणार, हे आता त्याच्या तोंडून ठरणार होतं.

खेळ सुरू झाला. मधली वाट बुजली, गोंगाट वाढला. मुज्तबा नेहमीसारखा हॉलभर फिरत होता, पण आज त्याचे डोळे कोपरे टाळत होते. तरीही एक माणूस दिसलाच. पंचावन्नच्या आसपासचा, निळा शर्ट, भिंतीला टेकलेला. लातूरचा लिपिक सुदाम. हा असाच उभा राहिला तर जाणार, या धास्तीनं मुज्तबाचा धीर सुटला.

"ओ निळा शर्ट! मामा! भिंत न्हाई पडत, सोडा तिला!"

हॉल हसला. सुदाम हलला नाही. मुज्तबानं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं. आता हसू कमी झालं आणि पुढच्या खुर्चीत बसलेल्या अमृतरावांची मान वळली. सगळे आपल्याकडं बघताहेत हे पाहून सुदामही हसला. पण जरा उशिरा, इतरांचं हसून झाल्यावर.

ते हसू मुज्तबानं घरात पाहिलं होतं. स्पीकरशेजारी आयुष्य काढून अब्बांचे कान गेले, तेव्हा त्यांनीही कितीतरी दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक हसले की मागून हसायचे, आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायचे. जे झाकायला हा माणूस भिंतीला उभा होता, तेच आपण माईकवरून ओरडून दाखवलं, या विचारानं मुज्तबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं अंगठ्यानं माईकचं बटण गुपचूप बंद केलं. मग माईकवर टिचक्या मारल्या, वायर ओढली, खोक्याला लाथसुद्धा घातली. "गेला!" तो ओरडला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. हातानंच सांगितलं: आता कुणी बोलायचं नाही. जोडी शोधायची ती खुणांनी.

एकच धमाल उडाली. कुणी हवेत भाकरी थापायला लागलं, कुणी घागर डोक्यावर घेतली. सुदामनं एकदा सगळीकडं पाहिलं आणि भिंत सोडली. चिठ्ठीवर दोरा होता. त्यानं चिमटीतलं टोक जिभेला लावलं, एक डोळा मिटला. नांदेडच्या रोखपाल सरस्वतीबाई सुई होऊन समोर आल्या. दोनदा त्याचा दोरा मुद्दाम चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला, आणि दोन्ही गावांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

जेवणं उरकत आली तेव्हा अमृतरावांनी गाठलंच. "मग? कोण न्हाई मिसळलं?"

"सगळे मिसळले, साहेब."

"अन् तो निळा शर्ट? तीनदा बोलावलं तुमी. ऐकू येत न्हाई का त्याला?"

मुज्तबानं कोपऱ्यातल्या स्पीकरकडं बोट केलं. "ऐकू कसं जाईल, साहेब? त्या बाजूचा स्पीकर पहिल्यापासनं बंदच होता. वायर माझ्याच हातानं चुकली."

अमृतरावांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "लातूरला हजारभर माणूस येणार हाय. तिथं असलं चालायचं न्हाई. मी बघतो दुसरं कुणी."

"जी साहेब."

साहेब गेले. मुज्तबा वायरी गुंडाळत राहिला, गुंडाळलेल्या पुन्हा सोडत राहिला. अब्बांनी जन्मभर जपलेलं नाव आपण एका वाक्यात घालवलं, याची आग होत होती. राग साहेबांचा होता, स्वतःचा होता आणि खरं सांगायचं तर थोडा सुदामचाही होता. नेमका तोच रुमालाला हात पुसत जवळ आला आणि गरजेपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाला, "लई भारी साउंड हाय बगा तुमचा! पार कोपऱ्यात बी एकेक शब्द साफ यिऊन राहिला होता."

मुज्तबानं दचकून फाटकाकडं पाहिलं. अमृतरावांची गाडी नुकतीच बाहेर पडली होती. मग हातातली वायर खाली ठेवून तो सुदामच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द ओठांवर नीट आणत म्हणाला, "शुक्रिया, मामा. जेवण झालं का?"

"झालं, झालं," त्याच्या ओठांकडं बघत सुदाम म्हणाला.