बियाण्याची ऊब

भाऊबिजेला मी अकोल्याहून चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा दादाने चहाही न विचारता मला थेट मधल्या खोलीत नेलं. यंदाच्या खरिपात दुकानातलं निम्मं बियाणं उगवलंच नव्हतं. म्हणून पुढच्या वर्षी घरचंच सोयाबीन पेरणार, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. खिडक्या बंद, छतापर्यंत कट्ट्यांची, म्हणजे भरल्या पोत्यांची, थप्पी आणि वरून ताडपत्री. लेकराला पांघरूण घालावं तशी.

"हात घाल न आत," तो खुशीत म्हणाला. "कसं गरम लागून राह्यलं पाह्य! जितं बियानं हाय."

मी हात घातला आणि माझं डोकंच फिरलं. काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, दाणा ओलाच भरला होता.

"जितं हाय म्हनूनच मरून राह्यलं ना, दादा!"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे तिथेच सुरू झाले. दाणाही श्वास घेतो. त्याच्या पेशी साठवलेलं अन्न ऑक्सिजनच्या मदतीने थोडं थोडं जाळतात. त्यातून जगायला ऊर्जा मिळते आणि बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. आपलं अंग गरम असतं, तेही यामुळेच. कोरडा दाणा हे इतकं सावकाश करतो की शिदोरी पेरणीपर्यंत पुरते. ओला दाणा मात्र हावऱ्यासारखा खात सुटतो. त्यातून आणखी पाणी सुटतं, थप्पी आणखी तापते आणि कोंब आतल्या आत मरतो.

"जितं बियानं बाहेर टाकून वाळवू काय? तुयं कॉलेज तिकडं अकोल्याले," म्हणत दादा निघून गेला. वहिनीने मात्र पदर खोचला. आम्ही दोघींनी वरचे कट्टे ओढून त्यांतले दाणे ओसरीत सावलीला पसरले. खालच्या कट्ट्यांना दादाने हात लावू दिला नाही. हट्टी माणूस, लहानपणापासून तसाच.

मेच्या सुटीत मी परत गेले, तेव्हा उगवतात का ते पाहायला दादाने वरच्या आणि खालच्या कट्ट्यांतले दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवले होते. माझ्यासमोरच उघडले. वरच्यांना भरभरून कोंब आले होते. खालचे तसेच पिवळे होते, पण दाबले की बोटाला बुळबुळीत लागायचे.

दादा ते दाणे बोटाने उलटेपालटे करत बसला. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मी दिवाळीपासून थांबले होते, पण त्याचा चेहरा पाहून मला रडूच येऊ लागलं.

"मले वाटलं," तो म्हणाला, "मजेत हायत थे."