बाहेर वळणारी सीट

दुकानातून आणलेली वस्तू म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम, असं मानणारा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांसारखा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा सापडायचा नाही. महाळुंग्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. सोसायटीच्या लिफ्टचं दार आपटतं म्हणून त्यांनी त्याला स्वतः कापलेली रबराची गादी लावली. लिफ्टवाला ती काढायला म्हणून आला आणि चहा पिऊन, तसल्याच आणखी दोन मागून गेला. आमच्याकडे आले की आधी खुर्ची उलटी करून बघायचे, मग बसायचे. “स्क्रू ढिला हाय लेका. बसतोस कसा ह्याच्यावर?” माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून स्वतः घडवलेली विळी दिली, सोबत तिला धार कशी लावायची याचं हाताने काढलेलं ड्रॉइंग. माझी बायको त्या विळीला अजून घाबरते.

पण त्यांची खरी करामत म्हणजे त्यांच्या जुन्या गाडीतली सीट. इंदूकाकूंना संधिवात. गुडघे वाकेनासे झाले आणि त्यांना गाडीत बसणंच जमेना. रिक्षा नको, भाड्याची गाडी नको, कशातच पाय आत जात नव्हते. काका तीन आठवडे पार्किंगमध्ये मुक्कामाला होते. शेवटी ड्रायव्हरशेजारची मूळ सीट काढून त्यांनी बेअरिंगवरची अशी सीट बसवली, की खटका दाबला की ती दारातून चक्क बाहेर वळायची. काकू उभ्या-उभ्या टेकायच्या आणि काका त्यांना अलगद आत फिरवायचे. “बाकीच्यांचे नवरे सोनं करतात,” काकू म्हणायच्या, “आमच्या ह्यांनी मला बेअरिंग केलंय.” पण सांगताना चेहरा असा, की सोन्यावाल्यांनी तोंड लपवावं. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं देहूला जायची. घाटाच्या अलीकडे गाडी लावायची, सीट बाहेर वळवायची आणि काकूंनी इंद्रायणीकडे तोंड करून शेंगा सोलत बसायचं. आठवड्यातून घराबाहेर पडणं ते तेवढंच. मीही कधीमधी बरोबर असायचो. सीट वळवताना काका दरवेळी, न चुकता म्हणायचे, “गुडघा सांभाळ, इंदू.”

आता माझं सांगतो. मी गाड्यांचे विमे करतो. दरवर्षी काकांचा फॉर्म मीच भरायचो. त्यात एक प्रश्न असतो, गाडीत काही बदल केले आहेत का? मी तो मोठ्यांदा वाचला. “बदल न्हाई,” काका म्हणाले. “चूक व्हती, ती सुधारली.” मला इतकं हसू आलं, की हसत हसतच मी ‘नाही’वर खूण करून मोकळा झालो. खरं लिहिलं असतं तर आरटीओत एक खेप पडली असती, हप्ता थोडा वाढला असता, बस. हे मला चांगलं ठाऊक होतं हो! कंटाळा केला मी.

पुढे चाकणच्या चौकात एका टेम्पोने त्यांच्या गाडीला समोरून दणका दिला आणि पळ काढला. काका एकटेच होते, त्यांना ओरखडाही नाही. गाडीचा मात्र पुढचा भाग पार चेपला. विमा कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होता. मूळ सीट काकांच्या गॅलरीत होती, तिच्यावर बसून ते पेपर वाचायचे. मी म्हटलं, “काका, आजच्या आज ती बसवा. चार बोल्टांचा तर प्रश्न आहे.”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “तपासणीला आलेल्या माणसापास्नं आपुन घडवलेला जॉब लपवायचा? चाळीस वर्षांत केलं न्हाई, राव.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेपलेल्या बॉनेटवर ड्रॉइंग पसरलं, त्या माणसाला सीटवर बसवलं आणि दोनदा आत-बाहेर फिरवून दाखवलं. “काम एक नंबर आहे काका,” तो मनापासून म्हणाला, आणि त्याने कागदावर खरं तेच लिहिलं. क्लेम नाकारला गेला. कारण, न कळवलेला बदल.

ते पत्र घेऊन मी वर गेलो. “काका, खूण माझी होती.”

“सही माझी हाय ना? आन् त्या माणसानं जॉब पास केलाय. बाकी त्यांचं त्ये बघतील.”

दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. गाडी कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी राहिली. काकू दोन-तीनदा “आज गुरुवार ना?” म्हणाल्या, मग विचारायच्या थांबल्या. काकांनी ती वळणारी सीट गाडीतून काढून वर आणली आणि गॅलरीत ठोकली. तिथून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाक्या दिसायच्या. “पाणीच आहे म्हणा त्यांतही,” काकू हसून म्हणाल्या. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. एका खुणेने मी त्यांची नदी बंद केली, हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

परवा गुरुवारी मी वर गेलो, तर काका गॅलरीत बेअरिंगला तेल देत होते. “बस बघू जरा. रिकाम्या सीटवर अंदाज येत न्हाई.” मी बसलो. त्यांनी खटका दाबला, माझ्या पाठीमागे हात धरला आणि सावकाश सीट वळवत म्हणाले, “गुडघा सांभाळ, इंदू.”

मी गुडघा आत घेतला.