दोन्ही टोकं कोरी

ताईला सगळे ताईच म्हणतात. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्यानं ते नाव पाडलं, मग आईनं उचललं, मग अप्पांनी, आणि आता दूधवालाही खालून "ताई, पिशवी!" म्हणून ओरडतो. पन्नाशी उलटली, केस विरळ झाले, उजवा खांदा वर उचलला की दुखतो, पण कुणाची मावशी किंवा काकू व्हायला तिला सवड झाली नाही. घराच्या मागच्या खोलीत लोखंड कातायचा लेथ आहे. तो ती आणि अप्पा मिळून चालवतात. म्हणजे चालवते ती, आणि अप्पा कसा चालवायचा ते सांगतात.

ती खोली मुळात कपडे वाळत घालायची. अप्पांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथला एक जुना लेथ त्यांनी घरी आणला, चौकट काढून आत घातला, आणि आईच्या दोऱ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. "सवत आणली असती तर तिनं निदान भांडी तरी घासली असती," असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. आता आई नाही. तेलाचा वास मात्र उशांच्या अभ्र्यांपर्यंत पोचलेला आहे.

लोखंडाचे रॉड येतात ते एका टोकाला रंग लावून. अप्पांच्या खोलीत पिवळा म्हणजे चिवट पोलाद, ज्यावर जोर येणार अशा वस्तूंसाठी. निळा म्हणजे साधं मऊ लोखंड, कड्याकोयंड्यांसाठी. कापायचं ते नेहमी कोऱ्या टोकाकडून, म्हणजे शेवटी बोटभर तुकडा उरला तरी तो कोण आहे ते त्याच्या अंगावर राहतं. एकदा रंग कापला गेला की सगळी लोखंडं सारखीच काळी. हा नियम घरात इतका मुरला होता की आई कपड्यांचा साबणसुद्धा नाव नसलेल्या बाजूनं कापायची, आणि अप्पा तो उचलून तपासायचे.

त्या दिवशी दुपारी बेकरीवाली आली. कोपरापर्यंत पीठ, आणि पिठानंच भरलेल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं.

"ताई, हे बघा तुमचं काम," ती म्हणाली आणि फडकं लेथच्या कडेवर उघडलं.

आत पिन होती. पीठ मळायच्या मशीनचं भांडं जागच्या जागी अडकवून ठेवणारी, अंगठ्याएवढी जाड. ती मधोमध वाकून केळ्यासारखी झाली होती.

"भांडं कलंडलं. सगळं पीठ जमिनीवर. आणि माझा हात आत होता हो! थोडक्यात वाचला. आधीची पिन माझ्या सासऱ्यांच्या वेळची होती, ती हरवली नसती तर मी आले तरी असते का?"

"माझी चूक," ताई म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत दुसरी देते."

"द्या. पण पिनच द्या, मेणबत्ती नको."

ती गेल्यावर ताईनं वाकडी पिन हातात घेतली. पोलाद असतं तर ते इतकं निमूट वाकलं नसतं. ही पिन केली त्या दिवशी ती डोळे दाखवायला गेली होती. परत आली तेव्हा अप्पांनी एकट्यानं पिन करून, पोचवूनही टाकली होती. "म्हातारा अजून कामाचा आहे," असं दोनदा बोलून दाखवलं होतं, आणि तिला बरं वाटलं होतं. इतकं बरं, की तिनं धाकट्याला फोन करून ते सांगितलंही होतं.

ती रॅकजवळ गेली. एकेक रॉड ओढून टोकं बघितली. पिवळा, निळा, निळा, पिवळा. भिंतीकडच्या बाजूला एक हातभर तुकडा होता. त्याचं एक टोक कोरं. फिरवून बघितलं तर दुसरंही कोरं.

ताई तेलाच्या डब्यावर बसली.

खोलीत माणसं दोन. तिनं हा कापलेला नाही. गेले काही महिने असंच चाललं होतं. आमटीत मीठ दुसऱ्यांदा पडायचं, देऊन झालेलं काम पुन्हा सुरू व्हायचं, गिऱ्हाईकाला "आपण कोण?" असं विचारलं जायचं. ती सगळं हसण्यावारी न्यायची. धाकटा दर रविवारी यायचा, आल्या आल्या बूट न काढता मागच्या खोलीत डोकवायचा आणि म्हणायचा, "ताई, हे मशीन विकून टाकू. अप्पांना मी नेतो. तूही थकलीस." दर रविवारी ती म्हणायची, "अप्पा ठणठणीत आहेत." झाकली मूठ तिनं घट्ट धरली होती. मशीन गेलं तर तिच्या हाताला काम नाही. आणि अप्पांनी सकाळी उठून करायचं काय? धाकट्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खालच्या स्कूटरी मोजायच्या?

पण आज बाईचा हात गेला असता.

अप्पा आतल्या खोलीत आडवे झाले होते. तिनं तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"अप्पा, हा कुठला हो? रंग नाही."

अप्पा उठले ते एकदम तरतरीत. चष्मा चढवला. "रंग नाही म्हणजे? आण इकडे. बिनबापाचं लोखंड घरात घ्यायचं नाही."

मागच्या खोलीत येऊन त्यांनी आधी लोहचुंबक लावला. तो खटकन चिकटला. "पितळ नाही एवढं कळलं. एवढं तर तुझ्या आईलाही कळलं असतं." मग ग्राइंडर सुरू करायला लावला. आधी पिवळ्या टोकाचा रॉड चाकाला टेकवला. ठिणग्या उडाल्या आणि टोकाशी जाऊन फुटल्या, फुलबाजीसारखी बारीक बारीक चांदणी. मग तो कोरा तुकडा टेकवला. ठिणग्या लांब गेल्या, सरळ गेल्या आणि विझल्या.

"बघितलंस? फुटतच नाहीत. नुसत्या लांबच लांब. धाकट्याच्या बोलण्यासारख्या."

ताईला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

"तरी खात्री करावी," अप्पा म्हणाले. त्यांनी तुकड्याची एक पातळ चकती कापून घेतली, स्वयंपाकघरातली सांडशी मागवली, ब्लोलॅम्पवर चकती लाल केली आणि जुन्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवली. चुर्र झालं. मग कानस घेऊन त्यांनी ती घासली. पोलाद असतं तर आता ते काचेसारखं कडक होऊन कानस घसरली असती. कानस सुखानं चावत राहिली.

"मऊ. साधं लोखंड. निळा लाव याला."

फडक्यातली वाकडी पिन ताईनं त्यांच्यापुढे ठेवली. अप्पांनी तीही चाकाला टेकवली. तशाच लांब, न फुटणाऱ्या ठिणग्या.

"हेही तेच. कसली पिन ही?"

"बेकरीच्या मशीनची. भांडं धरणारी."

"भांडं धरणारी?" अप्पांनी चष्मा काढला. "साध्या लोखंडाची? कुठल्या गाढवानं केली?"

बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता. ताईनं ती पूर्ण वाजू दिली.

"मीच," ती म्हणाली.

मग अप्पांनी तिला झाडलं. टोक न बघता रॉड उचलणारी माणसं कशी असतात, कारखान्यात असती तर हातात काय दिलं असतं, एवढी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी कसं ओतलं. त्यांच्या गालांवर रंग आला होता. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बोला, बोला. भागलं. आता हा तुकडा निळा रंगवू, चांगली पिन करू, रविवार येईल तेव्हा येईल.

"आजपासून कापायचं काम तुझ्याकडे नाही," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी कापणार. सगळं. तू फक्त लेथ बघ. विश्वास नाही राहिला."

आणि त्यांनी पिवळ्या टोकाचा रॉड व्हाइसच्या जबड्यात आवळला, करवत उतरवली. ताईनं अंगावर घेतलेल्या खोट्यानं खोलीतलं सगळं लोखंड आता त्यांच्याच हातून जाणार होतं. आज बेकरीवाली होती. उद्या आणखी कुणी.

"अप्पा, थांबा," ती म्हणाली. "ती पिन मी नाही केली."

"आता पळवाट काढू नकोस."

"खरंच नाही."

"मग काय तुझ्या आईनं येऊन केली?" त्यांनी तो कोरा तुकडा उचलून तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ, पुरावा इथंच आहे. कधी जन्मात कड मारत नाहीस तू. कापलं की तसंच धारदार सोडून देतेस आणि वर म्हणतेस, लेथवर जाणारच आहे. हात लावून बघ, कशी—"

त्यांनीच अंगठा टोकावरून फिरवला. आजच्या चकतीचं टोक होतं ते. त्यांनी तुकडा उलटा केला आणि जुन्या टोकावरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती. सगळीकडून कानशीनं हलकेच मारलेली, जशी या घरात एकच माणूस मारतो. अंगठा पुन्हा एक फेरा फिरला, सावकाश.

अप्पा स्टुलावर बसले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मी डोळे दाखवायला गेले होते तेव्हा."

"त्या बाईचा हात?"

"वाचला."

ताईचा खांदा ठणकत होता, आणि आज संध्याकाळची भाजी अजून चिरायची होती.

"धाकट्याला सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार?"

"रविवारी. तुमच्यासमोर. मागून नाही सांगायची." मग तिनं दुखरा खांदा दाबून धरला. "मला एकटीला नाही होत आता, अप्पा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

"तो मशीन विकायला लावेल," अप्पा म्हणाले.

"लावेल. भांडू आपण. पण खरं सांगून भांडू."

"हूं." करवत अजून त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती मुठीकडून तिच्यापुढे केली. "तू काप. आधी तिची पिन कर, पीठ फुगून बाहेर आलं असेल."

ताईनं व्हाइसमधला रॉड सैल केला, करवतीकडे आलेलं पिवळं टोक पाठीमागे जाईल असा फिरवला, पुन्हा आवळला. अप्पांनी उठून ते पिवळं टोक हातात धरलं. व्हाइस घट्ट होता, धरायची काही गरज नव्हती. तिनं पातं टेकवलं आणि कापायला लागली. खांद्यातून कळ आली तशी तिची करवत एका बाजूला झुकली.

"तिरकं जातंय," अप्पा म्हणाले.

तिनं पातं सरळ केलं.