मानशीच्या फळ्या ठेवायच्या कुठे?

“मशीन बिघडलंय. सॅम्पल परत चालव,” बॉस म्हणाले.

परत चालवलं. तेच आलं. पार्शेच्या एका खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट भातशेतातल्या, चिखलात पीसीबी. मी पणजीतल्या खाजगी लॅबमध्ये केमिस्ट आहे. एका क्लायंटसाठी त्या चिखलात आम्ही खरं तर कीटकनाशकं शोधत होतो. पीसीबी हे विषारी रसायन पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं. ते कुजत नाही, धुऊन जात नाही, चरबीत मुरून बसतं. चिखलातून माशात, माशातून माणसात, आईच्या अंगातून दुधात. पण भातशेतीच्या बांधावर ट्रान्सफॉर्मर आला कुठून?

बघायला गेले. खाजणाच्या बांधात मानस असते, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारं लाकडी दार. ओहोटीला ते उघडतं, आणि पाण्याबरोबर निघालेले मासे जाळ्यात येतात. ही मानस सांभाळणाऱ्या भाईंनी फळ्या कौतुकाने दाखवल्या. काळ्या, तुकतुकीत.

“पयलीं काजूच्या बियांचा तेल लावायचों. ह्या त्याच्यापरस बरां, बाय. किडो लागणा ना, शिंपले धरनत ना.”

“हे तेल कुठून आणलं?”

“भाच्यान हाडलां. डिचोलीच्या बंद खाणीर ट्रक चलयता मगो. थंय मोडके ट्रान्सफॉर्मर काडले, तेल ओतून टाकताले. फुकट कित्याक घालोवचां?”

फळीवरचं तेल खरवडून नेलं, तपासलं. मशीन ठणठणीत होतं.

पुढच्या खेपेला भाईंच्या घरी बसून सगळं सांगितलं. त्यांची लेक सुमन बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने ताटातला शेवटा बाजूला सारला. मानशीचाच मासा तो, रोज खात होती.

“म्हज्या पोराक कितां जातलां, बाय?”

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारून कळवलं: बाळाला दूध जरूर पाज, त्याचा फायदाच जास्त; हे मासे मात्र बंद कर. भाईंनी त्याच दिवसापासून जाळं लावणं सोडलं. गावात त्यांना लोक वेड्यात काढू लागले.

फळ्यांचं काय? रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं, ‘फळ्या काढून योग्य विल्हेवाट लावावी.’ तो घेऊन प्रदूषणाचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले, तर तिथले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “लावा की.”

“आपल्याकडे अशा कचऱ्याची सोय कुठे आहे, सर?”

“चौकशी करतो. फाइल वर पाठवतो.”

फाइल वर गेली ती वरच राहिली. मी फोन करायचे, कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी साहेब बदलून गेलेले. शेवटी बॉस म्हणाले, “आपलं काम टेस्टिंगचं. क्लायंटने पुढचं विचारलंय का?” विचारलं नव्हतं.

सुमनचे दिवस भरत आले तशा भाईंनी स्वतःच फळ्या उतरवून नव्या बसवल्या. जुन्या ठेवायला गावात कोणी जागा देईना. मी बजावलं, “काहीही करा, पण जाळू नका. धुरातून याहून वाईट विष निघतं.” त्यांनी त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरामागच्या खोपीत रचल्या. घरातल्या एकेकाला बसवून सांगितलं.

पावसाळ्यात पुन्हा चिखलाचं सॅम्पल घ्यायला गेले. सुमनला मुलगी झाल्याचं कळलं होतं, म्हणून अंगडं घेऊन भाईंकडे डोकावले. परसात धूर कोंदला होता. न्हाणीच्या चुलीवर पाण्याचं भाण चढलेलं, खाली काळं लाकूड भडभडा पेटलेलं. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालणारी वैजीण खुशीत होती. सगळी लाकडं भिजलेली, पण खोपीत तिला ही कोरडी मिळाली होती. काडी लावताच पेटत होती.

मी ओरडून चूल विझवायला लावली. भाई धावत आले, चुलीतलं लाकूड बघितलं.

“घरातल्या सगळ्यांक सांगलंलां. वैजीण भायली. तिका सांगपाचां रवलां.”

“आज पहिल्यांदाच?” मी वैजिणीला विचारलं.

वैजीण म्हणाली, “ना गो. बारशाआदींपासून ह्यांच लाकडां.”

खोपीत दोन-चार फळ्या उरल्या होत्या. न्हाणीच्या दारात सुमन उभी होती, ओले केस, कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. तिने टॉवेलाचं टोक बाळाच्या नाकावर ओढलं. मला रडू आलं, संताप आला, आणि तो काढायला समोर एकही माणूस दोषी नव्हता.

उरलेल्या फळ्या मी लॅबच्या गाडीतून आणल्या. आमच्या मागच्या स्टोअरमध्ये आहेत. बॉस त्या कधी हलवणार म्हणून विचारतात. ‘योग्य विल्हेवाट लावावी’ हे वाक्य मी अजूनही रिपोर्टमध्ये लिहिते, फॉरमॅटमध्येच आहे ते. फक्त आता मला माहीत आहे की ते कोणाच्या तरी चुलीपर्यंत जातं.